मूळ, साल आणि भुंगेरा : महाकोशलातील वनौषधी परंपरेचे पुनरुज्जीवन

नर्मदेच्या काठी वसलेल्या जबलपूर शहरात शेती व वनांशी संबंधित चार मोठ्या संशोधन संस्था आहेत. राज्य वन अनुसंधान संस्थान १९६३ पासून, जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय १९६४ पासून, उष्णकटिबंधीय वन अनुसंधान संस्थान १९८८ पासून आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे तणविज्ञान केंद्र, म्हणजे आजचे खरपतवार अनुसंधान निदेशालय, १९८९ पासून येथे कार्यरत आहे. शहरातून मंडला, दिंडोरी वा छिंदवाड्याच्या दिशेने निघाले की सातपुडा व मैकल रांगांतील साल-सागाची वने लागतात. या वनांत राहणारे बैगा, गोंड, भारिया आणि कोरकू पिढ्यान्‌पिढ्या मुळे, साली, पाने आणि कंद यांनी आजार बरे करीत आले आहेत. औषध देणाऱ्याला कुठे गुनिया म्हणतात, कुठे भूमका. मंडला-दिंडोरीकडे तर ‘बैगा’ हे जमातीचे नाव आणि वैदूचे नाव एकच झाले आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना हा मुलूख परका नाही. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. मेळघाटातील भूमका आणि पाताळकोटातील भूमका एकाच सातपुड्याच्या दोन बाजूंना बसतात, आणि दोघांच्या झोळीतील निम्म्याहून अधिक वनस्पती सारख्याच असाव्यात.

गेल्या काही वर्षांत या परंपरेच्या पुनरुज्जीवनाची भाषा सर्वत्र ऐकू येते. वैदूंची संमेलने होतात, गावोगावी वनौषधी उद्याने उभी राहतात, मेळाव्यांत चूर्णांचे स्टॉल लागतात. हे स्वागतार्ह आहेच. मात्र बहुतेक कार्यक्रमांत चर्चा थांबते ती ‘अमुक वनस्पती तमुक रोगावर’ या यादीपाशी. ती वनस्पती पुढील वर्षी जंगलात सापडेल काय, रुग्णाच्या हाती ती कोणत्या अवस्थेत पडते आणि तिच्यावर मिळणारा रुपया कोणाच्या हाती जातो, हे प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहतात. वास्तविक परंपरा जगते की मरते हे याच प्रश्नांवर ठरते.

ज्ञान कोणाजवळ आहे

१९३०च्या दशकात मंडला जिल्ह्यात येऊन राहिलेले मानवशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांचा ‘द बैगा’ हा ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारचे गोंडही देवकार्य आणि औषधोपचार यांसाठी बैगाकडे जात, ही बाब तेव्हाही ठळक होती. त्याआधी १८९० मध्ये इंग्रज सरकारने बैगांची फिरती शेती, म्हणजे ‘बेवर’, ‘बैगाचक’ नावाच्या मर्यादित क्षेत्रात कोंडली होती. वनावरील हक्क आणि औषधाचे ज्ञान यांचा संबंध येथे स्पष्ट दिसतो. ज्याला वनात मुक्तपणे हिंडता येत नाही, त्याच्या मुलाला वनस्पती ओळखता येत नाहीत. वनहक्क कायदा, २००६ अन्वये दिंडोरीतील बैगांना अधिवास हक्क मिळाले, पाताळकोटातील भारियांनाही मिळाले. औषधी परंपरेच्या दृष्टीने या निर्णयाचे मोल एखाद्या वनौषधी उद्यानापेक्षा कितीतरी मोठे आहे.

पाताळकोट हे छिंदवाडा जिल्ह्यातील तामिया विकासखंडातील खोल दरीत वसलेले सुमारे ७९ चौरस किलोमीटरचे क्षेत्र आहे. बारा गावे, चहूबाजूंनी उभे कडे, आणि तळाशी दुधी नदी. येथील भूमकांचे ज्ञान मौखिक आहे. ते कोणत्याही संहितेत नाही, निघंटूत नाही. ते बापाकडून मुलाकडे, क्वचित गुरूकडून शिष्याकडे जाते. मुलगा छिंदवाड्याला किंवा नागपूरला मजुरीसाठी गेला की साखळी तुटते. औषधाचे पैसे घेऊ नयेत असा अनेक वैदूंचा दंडक असतो. हा दंडक उदात्त आहे, पण ज्या विद्येतून चूल पेटत नाही ती विद्या तरुण पिढी शिकणार नाही, हेही तितकेच खरे.

काढणीचा काळ चुकला की

पूर्वी वैदू आपल्या रुग्णापुरते मूळ खणून आणीत असे. ठरावीक नक्षत्रावर काढणे, झाडाची प्रार्थना करून काढणे, सगळे न काढता काही मागे ठेवणे असे नियम मध्य भारतात अनेक ठिकाणी आढळतात. नक्षत्राचा औषधी गुणाशी संबंध असो वा नसो, वर्षातील फार थोड्या दिवसांवर काढणी मर्यादित राहिली की झाडाला विश्रांती मिळते, एवढे कोणीही मान्य करील. आता मागणी रुग्णाची नसून व्यापाऱ्याची आहे, आणि व्यापारी क्विंटलमध्ये मोजतो.

सफेद मुसळीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. पावसाच्या सुरुवातीला ही वनस्पती पाने काढते, फुलते, बी धरते आणि थंडीच्या तोंडावर पाने वाळून जातात. कंद पक्व होतात ते त्यानंतर. परंतु पाने वाळली की जमिनीखालचा कंद शोधायचा कसा? म्हणून जंगलातील मुसळी हिरवी असतानाच उपटली जाते. बी पडलेले नसते आणि कंद कच्चा असतो. भावही कमी मिळतो आणि पुढील वर्षाचे रोपही जाते. शेंड्याचा भाग एक-दोन कंदांसह पुन्हा मातीत गाडला तर रोप जगते. हे सर्वांना ठाऊक असूनही होत नाही, कारण मागून येणारा दुसरा कोणी तेही उपटून नेईल ही भीती असते. चारोळीची अवस्था वेगळी नाही. फळ पिकण्याआधीच झाडे ओरबाडली जातात, फांद्या मोडल्या जातात. ‘जो आधी पोहोचेल त्याचे’ हा नियम जेथे लागू असतो तेथे शहाणपणाला किंमत राहत नाही. काढणीची तारीख ग्रामसभेने ठरवून ती सर्वांनी पाळणे, हाच यावर चाललेला उपाय आहे.

सालीच्या बाबतीत जबलपूरच्या वनसंशोधकांनी केलेले काम विस्तार कार्यकर्त्यांनी आवर्जून समजून घ्यावे असे आहे. अर्जुनाची साल हृदयविकारासाठी मोठ्या प्रमाणावर विकली जाते. खोडाभोवती गोल साल काढली तर अन्नरस वाहून नेणाऱ्या पेशी तुटतात आणि झाड उभ्या उभ्या मरते. त्याऐवजी खोडाच्या एका बाजूने मर्यादित रुंदीची उभी पट्टी, आतला कोवळा थर न दुखवता काढली, तर साधारण दीड-दोन वर्षांत साल पुन्हा भरून येते. मग विरुद्ध बाजूची पट्टी काढता येते. विळा तोच, माणूस तोच, फक्त आडवे कापण्याऐवजी उभे कापायचे. अशा जखमेवर पावसाळ्यात खोडकिडा व बुरशी शिरतात, म्हणून साल काढणी कोरड्या दिवसांतच करावी.

परंपरेला आधुनिक मान्यता मिळाली की वनस्पती सुरक्षित होते, असा एक समज आहे. सर्पगंधेचा इतिहास नेमका उलटा आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबावर सर्पगंधेच्या मुळांचे परिणाम प्रसिद्ध केले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेझर्पिन वेगळे काढण्यात आले आणि जगभरातून मुळांना मागणी आली. मूळ काढायचे म्हणजे झाड मारायचे. मंडला-अमरकंटक पट्ट्यासह देशभरातील जंगलांतून सर्पगंधा दुर्मीळ होत गेली, आणि शेवटी तिचा समावेश आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटिस’ कराराच्या परिशिष्ट २ मध्ये करावा लागला. एखादे औषध खरोखर गुणकारी आहे हे सिद्ध होणे, हा त्या वनस्पतीसाठी सर्वांत धोक्याचा क्षण असतो.

झोळीतील भुंगेरे

काढणीनंतरच्या टप्प्याकडे पुनरुज्जीवनाच्या कार्यक्रमांत जवळजवळ कोणी पाहत नाही. वैदू ताजे मूळ देत असे, तोवर साठवणीचा प्रश्न मर्यादित होता. बचतगट, वनधन केंद्र किंवा छोटा उत्पादक जेव्हा वर्षभराचा कच्चा माल भरून ठेवतो, तेव्हा त्याच्या कोठारात दोन छोटे भुंगेरे न बोलावता येतात.

एकाचे शास्त्रीय नाव स्टेगोबियम पॅनिसियम. इंग्रजीत त्याला ‘औषधांच्या दुकानातला भुंगेरा’ अशा अर्थाचे नाव पडले आहे, कारण युरोपातील औषधविक्रेत्यांच्या बरण्यांत तो शतकानुशतके सापडत आला. दुसरा लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी, म्हणजे तंबाखू आणि सिगारेटवरील भुंगेरा. दोन्ही तांबूस तपकिरी, दोन ते साडेतीन मिलिमीटर लांबीचे. पहिल्याच्या पंखांवर बारीक समांतर रेघा असतात आणि मिशांच्या टोकाचे तीन भाग जाड असतात. दुसऱ्याचे पंख गुळगुळीत, मिशा करवतीसारख्या आणि पाठ कुबडासारखी असते. साधे भिंग असले तरी फरक ओळखता येतो. नुकसान करते ती अळी. प्रौढ जवळजवळ काही खात नाही. तो बाहेर पडताना पिशवीला वा मुळाला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पाडतो, आणि ते छिद्र दिसते तेव्हा आतले काम उरकलेले असते.

या भुंगेऱ्यांचा आहार थक्क करणारा आहे. हळद, सुंठ, धने, अश्वगंधेची मुळे, तंबाखू, मिरची, पुस्तकांच्या बांधणीतील खळ. इतकेच नव्हे तर जी वनस्पती माणसाला विषारी तीही. हे त्यांना साधते कारण त्यांच्या आतड्याजवळील विशिष्ट पेशींत यीस्टसारखी सहजीवी बुरशी राहते. ही बुरशी अळीला जीवनसत्त्वे पुरवते आणि वनस्पतीतील विषारी द्रव्ये निकामी करण्यास मदत करते. मादी अंडी घालताना त्यांच्या कवचावर ही बुरशी माखते, अंड्यातून निघालेली अळी ते कवच कुरतडते आणि आईची शिदोरी तिला पोहोचते. वनस्पतीने कीटकांपासून बचावासाठी जी रसायने लाखो वर्षांत तयार केली, तीच माणसाची औषधे झाली. आणि त्याच रसायनांवर मात करणारा कीटक माणसाच्या औषधाच्या डब्यात येऊन बसला.

तिशीच्या आसपास तापमान आणि दमट हवा असली की अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास सुमारे दोन महिन्यांत पुरा होतो. जबलपूर असो वा गोंदिया, जुलै ते ऑक्टोबर हा त्यांचा सुगीचा काळ. पोखरलेल्या मुळाचे वजन घटते हे उघड नुकसान. त्याहून गंभीर म्हणजे अळ्यांची विष्ठा व कात चूर्णात मिसळते, ओलावा वाढतो आणि त्यावर बुरशी येते. काही बुरशींपासून यकृताला घातक असे अफ्लाटॉक्सिन तयार होते. कावीळ झालेल्या रुग्णाला यकृतासाठी म्हणून दिलेल्या चूर्णात अफ्लाटॉक्सिन असणे, यासारखी दुसरी विसंगती नसेल.

उपाय महागडे नाहीत. मुळे धुवून, बोटाएवढे तुकडे करून, जमिनीवर न पसरता जाळीच्या बाजेवर वाळवावीत. पाने, फुले व सुगंधी भाग सावलीत. मुळे व साल उन्हात चालते. ओलावा दहा टक्क्यांच्या खाली आल्याची खेडेगावातील कसोटी सोपी आहे: मूळ वाकवले असता न वाकता कट्‌कन मोडले पाहिजे. उन्हातून आणलेला माल गरम असतानाच पोत्यात भरला तर आत पाणी सुटते, म्हणून तो थंड होऊ द्यावा; पण रात्रभर उघडा ठेवू नये. गोणपाटापेक्षा हवाबंद बहुस्तरीय पिशवी उत्तम. तिच्यात कीटकांच्या श्वसनाने प्राणवायू संपतो आणि ते गुदमरतात. प्रत्येक पिशवीवर वनस्पतीचे नाव, जागा व तारीख लिहावी. जुना माल आणि नवा माल एका खोलीत ठेवला की सारे प्रयत्न व्यर्थ जातात. प्रादुर्भाव नेहमी गेल्या वर्षीच्या तळाच्या पोत्यातून सुरू होतो. शंका आल्यास सौर वाळवणी यंत्रात ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमान काही तास मालाच्या आतपर्यंत पोहोचू द्यावे. सर्व अवस्था मरतात. मात्र सुगंधी द्रव्यांना ही उष्णता मानवत नाही.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात वा बचतगटाच्या खोलीत ठेवण्याचा मोह काही ठिकाणी दिसतो. तो सर्वथा टाळावा. या वायूने झोपेत कुटुंबे दगावल्याच्या घटना देशात वारंवार घडल्या आहेत. शिवाय तंबाखूवरील भुंगेऱ्यात या वायूविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाल्याच्या नोंदी अनेक देशांतून आहेत.

कडुलिंबाचा पाला वा वेखंडाचे तुकडे धान्यात घालण्याची पद्धत जुनी आहे. पाल्याचा परिणाम सौम्य असतो, वेखंडाचा बऱ्यापैकी. वेखंडातील बीटा-ॲसारोन हे द्रव्य कीटकांची प्रजननक्षमता खच्ची करते. परंतु याच द्रव्याने प्रयोगशाळेतील उंदरांत गाठी निर्माण झाल्यामुळे अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली, आणि आशियातील काही वाणांत तेलाचा निम्म्याहून अधिक भाग बीटा-ॲसारोनचा असतो. बाळगुटीत वेखंड उगाळणाऱ्या घरांनी घाबरून जावे असे नाही, पण बालरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय तान्ह्या बाळाला ते पोटात देऊ नये.

तण म्हणून उपटलेली औषधे

वनौषधी म्हटले की घनदाट अरण्य डोळ्यांसमोर येते. खरे तर गावातील रोजच्या उपयोगाच्या कितीतरी वनस्पती शेताच्या बांधावर आणि पिकात उगवतात: माका, पुनर्नवा, भुईआवळी, नागरमोथा, आघाडा, गोखरू, कामोणी. शेतकऱ्याच्या लेखी ही सगळी तणे. तणनाशकांचा वापर मजुरीच्या टंचाईमुळे वाढला आहे आणि तो थांबणार नाही, हे मान्य करूनच विचार करावा लागेल. बांध आणि पडीक पट्ट्यांवर फवारणी न करणे एवढे तरी शक्य आहे. तेथे ही औषधेही राहतील आणि परोपजीवी कीटकांना व मधमाश्यांना मध-परागही मिळेल. फवारलेल्या शेतातील माका वा पुनर्नवा मात्र औषधासाठी कधीही गोळा करू नये.

जबलपूरच्या तणविज्ञान संस्थेचे गाजर गवतावरील काम या संदर्भात उद्बोधक आहे. पुण्यात १९५५च्या सुमारास प्रथम लक्षात आलेल्या या परकीय तणाने देशभरातील पडीक जमिनी व्यापल्या आणि अनेक स्थानिक वनस्पतींची जागा घेतली. १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळूर येथे आणलेला झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगेरा पुढील वर्षी सोडण्यात आला. मधल्या काळात तो सूर्यफुलावर दिसल्याने खळबळ उडाली होती, पण तपासाअंती तो सुरक्षित ठरला. जबलपूर येथे त्याचे संवर्धन करून देशभर वाटप झाले. पावसाळ्यात तो पाने फस्त करतो. थंडी व उन्हाळा मात्र जमिनीत निपचित पडून काढतो, त्यामुळे एकट्या भुंगेऱ्यावर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून जोडीला एका स्पर्धक वनस्पतीची शिफारस करण्यात आली. ती म्हणजे टाकळा. विदर्भात तरोटा, महाकोशलात चरोटा. पावसाळ्यापूर्वी त्याचे बी फेकले की दाट वाढून तो गाजर गवताला डोके वर काढू देत नाही. टाकळ्याची कोवळी भाजी पहिल्या पावसात घरोघरी होते, आयुर्वेदात तो नायट्यावरचे औषध म्हणून ‘दद्रुघ्न’ या नावाने ओळखला जातो, आणि त्याचे बी गोळा करून विकले जाते. मेक्सिकोचा भुंगेरा आणि गावचा तरोटा एकत्र आल्यावर जे साधते ते कुठल्याही औषधी उद्यानाच्या फलकावर लिहिलेले नसते.

शेतातील औषधी पिके

जंगलावरील भार कमी करायचा तर लागवड हवी. सफेद मुसळीच्या बाबतीत बेणे महागात विकून खरेदीची हमी देणाऱ्यांनी मध्य प्रदेश व विदर्भातील अनेक शेतकऱ्यांना पोळले, ही आठवण अद्याप ताजी आहे. बेणे विकणाराच एकमेव खरेदीदार असेल तर ते पीक घेऊ नये, हा साधा नियम विस्तार कार्यकर्त्यांनी ठणकावून सांगायला हवा. याउलट अश्वगंधेला नीमच व मंदसौर भागात दीर्घकाळची बाजारपेठ आहे. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाच्या मंदसौर केंद्रातून निघालेला ‘जवाहर अश्वगंधा २०’ हा वाण तेथे रुळलेला आहे.

अश्वगंधा ही वांग्या-टोमॅटोच्या कुळातली, त्यामुळे त्यांचीच कीड तिच्यावर येते. अठ्ठावीस ठिपक्यांचा हड्डा भुंगेरा आणि त्याच्या पिवळ्या काटेरी अळ्या पानाचा हरितभाग खरवडून जाळी करतात. शेतकरी त्याला मावा खाणारा मित्र ढालकिडा समजून सोडतात, किंवा भीतीपोटी दोघांनाही मारतात. ओळख अशी: मित्र ढालकिड्याची पाठ चकचकीत असते, हड्ड्याची मळकट व बारीक लव असलेली. पानाच्या खाली उभी रचलेली पिवळी अंडी दिसताच ते पान तोडून नष्ट करावे आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. मात्र कोषातून पेडिओबियस जातीची परोपजीवी गांधीलमाशी निघत असेल तर अळ्या काही दिवस राहू द्याव्यात. बहुतेक औषधी पिकांसाठी रासायनिक कीटकनाशकांची अधिकृत शिफारस उपलब्ध नाही. मुळांत अवशेष आढळले तर माल नाकारला जातो. पुनरुज्जीवनाचा अर्थ भाजीपाल्याची फवारणी औषधी पिकावर नेणे असा होता कामा नये.

कोणत्या आजारासाठी, कोणत्या नाही

परंपरेबद्दल आदर असणे आणि तिची प्रत्येक गोष्ट खरी मानणे यांत फरक आहे. विंचूदंशावर गावोगावी डझनभर मुळ्या सांगितल्या जातात, आणि बहुतेक रुग्ण त्यांनी बरेही होतात. कारण बहुतेक दंश जीवघेणे नसतातच. कोकणातील लाल विंचवाने मात्र मुले दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी एकेक रुग्णाची नोंद ठेवून विषाचा हृदयावरील परिणाम दाखवला आणि प्राझोसिन या औषधाने मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. नोंद ठेवणे एवढाच त्यांच्या व मुळीच्या पद्धतीतला पहिला फरक होता. सर्पदंशाने देशात वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे दगावतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अभ्यास सांगतो. येथे प्रतिविषाला पर्याय नाही आणि मुळीपायी गेलेला प्रत्येक तास घातक. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या सळईने डाग देण्याची प्रथाही भूमकाच्याच नावावर आहे. ती परंपरा म्हणून जपण्यासारखी नाही.

दुसऱ्या बाजूला हाडे बसवणारे, सुईणी, खोकला-पडसे-जुलाब यांवर साधे उपचार करणारे वैदू दुर्गम भागात खरा आधार आहेत. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने अशा पारंपरिक उपचारकांसाठी ऐच्छिक प्रमाणन योजना आखली आहे. तिच्यात वैदूचे ज्ञान त्याच्याच भाषेत, प्रत्यक्ष कामावरून तपासले जाते. शाळेचा दाखला नसलेल्या माणसाची विद्या अशा रीतीने मान्य होणे महत्त्वाचे आहे, आणि कोणता रुग्ण आपला नाही, ताबडतोब आरोग्य केंद्रात पाठवायचा, हे ओळखणे हा त्या विद्येचाच भाग मानला गेला पाहिजे.

रुपया कोणाचा

कडुलिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक उपयोगावर एका अमेरिकी कंपनीने व तेथील कृषी विभागाने युरोपात पेटंट घेतले होते. ते २००० मध्ये रद्द झाले आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. निर्णायक ठरली ती पोथ्यांतील वचने नव्हेत, तर पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर १९८५ आणि १९८६ मध्ये झालेल्या चाचण्यांची साक्ष. लिहून ठेवलेली शेतावरची नोंद किती मोलाची असते, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

केरळातील काणी जमातीच्या वाटाड्यांनी १९८७ मध्ये शास्त्रज्ञांना थकवा घालवणारी ‘आरोग्यपच्च’ वनस्पती दाखवली. त्यापासून तयार झालेल्या ‘जीवनी’ औषधाच्या परवाना-शुल्कातील व स्वामित्वधनातील निम्मा वाटा जमातीच्या न्यासाला देण्याचे ठरले. जगभर गाजलेला हा प्रयोग अडला तो वनविभागाने पाने गोळा करण्यावर घातलेल्या निर्बंधांपाशी. पैशाचा करार झाला, वनाचा झाला नाही.

जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तिच्यानुसार संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून सूट मिळाली. पाताळकोटच्या भूमकाचे ज्ञान मात्र संहितेत नाही. एकच वनस्पती ग्रंथातही असेल आणि भूमकाच्या तोंडीही, तर ती कोणत्या बाजूला मोजायची, हा वाद पुढे येणारच. तेव्हा गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत त्या वापराची तारीखवार नोंद असणे उपयोगी पडेल. कोणते ज्ञान उघड करायचे आणि कोणते झाकून ठेवायचे हे सांगणाऱ्यानेच ठरवायचे. नोंद घेणाऱ्या कार्यकर्त्याने आग्रह धरू नये.

शेतकऱ्यांच्या दृष्टीने याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद आहे. लागवड केलेल्या औषधी वनस्पतींनाही लाभवाटपातून सूट आहे, पण त्यासाठी गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे उगमप्रमाणपत्र लागते. अनेक गावांत ही समिती कागदावरच आहे. अश्वगंधा वा मुसळी लावण्याचा विचार करणाऱ्या शेतकऱ्याने ग्रामपंचायतीत जाऊन समितीचे सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली आणि नोंदवही कोणाच्या कपाटात आहे, हे पेरणीच्या आधीच विचारून घ्यावे.